टाकलेला कप

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट गेल्या आठवड्यात मिळालं. माझी खोड तुला माहीत आहे. आधी पानं मोजली, मग वाचली. सहाव्या पानानंतर एकदम आठवं येतं. सातवं नाहीच. तू म्हणशील, झाली ताईची सुरुवात. हो, झाली. वडिलांच्या उपचाराचा अहवाल येतो, त्यातून नेमकं एक पान गळतं, आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘तू अजिबात काळजी करू नकोस’ हे वाक्य दोनदा येतं. मग माणसाने दुसरं काय करायचं? लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही न मागता मला पाण्याचा पेला आणून दिला होतास. तेव्हापासून तू फार गोड वागायला लागलीस की मी घरातल्या वस्तू मोजते.

आधी कामाचं बोलते. हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल. शुक्रवारी डॉक्टरीणबाई किरणोपचाराच्या प्लॅनवर सही करतील आणि सोमवारी बाबांच्या चेहऱ्यावर तो जाळीचा मुखवटा घट्ट बसवून पहिले किरण सोडतील. तसे तेहेतीस दिवस. नातेवाइकाने प्लॅन करायचा नाही हा तुमच्याकडचा नियम, म्हणून काम तुझ्या विभागातल्या त्या मौनीबाबांनी केलं आणि तू नुसती शेजारी बसलीस, असं तू लिहितेस. मौनीबाबांवर माझा तसाही भरवसा नाही. जो माणूस रोज भिंतीकडे तोंड करून डबा खातो, त्याच्या पोटात काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. तर त्यांनी दोन प्लॅन दिलेत. पहिल्यात जिभेच्या मुळाशी असलेली गाठ आणि मानेच्या दोन्ही बाजू पुऱ्या झाकल्या जातात, पण कानांखालच्या दोन्ही लाळग्रंथी निकामी होतात. म्हणजे बाबा वाचतील, पण तोंड जन्मभर कोरडं राहील आणि जिभेला चव उरणार नाही. दुसऱ्यात ग्रंथी वाचतात, पण मानेच्या उजव्या बाजूला डोस इतका कमी पडतो की डॉक्टरीणबाई त्यावर सही करणारच नाहीत. म्हणजे नावाला दोन आणि हातात एकच. दुकानदार नाही का, फाटका कपडा शेजारी मांडून दुसरा गळ्यात मारतो, तसलं हे दाखवणं. वर म्हणे, बाबा लगेच हो म्हणाले. न्हाव्याला तीन वेळा आरसा धरायला लावणारा आपला बाप, चाळीस वर्षं चहा चाखून ज्याने आपल्याला वाढवलं, जो अजूनही आठवड्यातून तीन दिवस चाखायला जातो, तो जीभ सोडायला लगेच हो म्हणतो? पाणी कुठेतरी मुरत होतं, धाकटे. म्हणून मी तुझ्याकडून सगळ्या चाचण्यांचा तपशील मागवला. तू नाव-पत्ता काढून, एका शब्दाने कुरकुर न करता, त्याच दिवशी पाठवलास. कुरकुर केली नाहीस याचाही मला संशय आला.

तपशिलात मशीनवर करून पाहिलेल्या प्लॅनच्या एकेचाळीस चाचण्या निघाल्या. प्रत्येक वेळी उद्दिष्टांना वेगवेगळी वजनं दिलेली. गाठीला इतकं, लाळग्रंथींना इतकं, गिळण्याच्या स्नायूंना इतकं. मी त्या एका कागदावर ठिपके मारून मांडल्या. तेवीस ठिपके एका टोकाला, अठरा दुसऱ्या टोकाला, आणि मधे चक्क मोकळं मैदान. मी तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले. एकेचाळीस माणसं कुठेही उभी केली तरी एखादं मधे घुटमळतंच. इथे एकही नाही. माझ्या मनाने लगेच गोष्ट रचली की मधले प्लॅन निघाले होते आणि कोणीतरी ते काढून टाकले. मौनीबाबांनी काढले असतील, कारण मधला प्लॅन म्हटला की किरणांच्या दिशा वाढणार, रोज मशीन जास्त वेळ अडकणार. किंवा तू काढले असशील, कारण तुला बाबा हवेत, जीभ असो वा नसो. हे दुसरं मला जास्त पटलं. का पटलं, ते शेवटी लिहिते. लगेच शेवटचं पान उघडू नकोस. मला ठाऊक आहे, तू रहस्यकथाही शेवटाकडून वाचतेस.

तुला बाबांची चाखायची खोली आठवते ना? लांबच लांब पांढरं टेबल, उत्तरेकडची मोठी खिडकी, वजन करून घेतलेली पानं आणि एकाच वेळी उकळतं पाणी ओतलेल्या कपांची रांग. सुट्टीच्या दिवशी आपण दोघी स्टुलांवर बसायचो आणि बाबा चमचा तोंडाला लावून असा काही फुर्रकन आवाज काढायचे की तुला हसून हसून उचकी लागायची. आईला तो आवाज मुळीच आवडत नसे. घरी असा चहा प्यायलात तर मी खुणा करून परत पाठवीन, असं ती म्हणायची. तिचं काम मुद्रितं तपासायचं, तेव्हा सगळं जग तिला खुणा करून परत पाठवण्यासारखंच दिसे. त्या खोलीत बाबांचा एक नियम होता, जो बाकीचे चाखणारे पाळत नसत. गिऱ्हाईक मिश्रण ठरवायला आलं की बाबा आधीच सोळा-सतरा कप मांडून ठेवत. स्वतः चाखून दहा-बारा बाद करत, पण बाद केलेला कप टेबलावरून हलवत नसत. नुसता थोडा मागे सरकवत. गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत तो तिथेच राहायचा. एकदा जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी नेमका मागे सरकवलेला कप उचलला, प्यायल्या आणि तोच घेतला. मला वाटलं, बाबांचा अपमान झाला. बाबा उलट खूश. म्हणाले, माझी जीभ माझ्यापुरती, प्यायचं त्यांना आहे.

आता हे पुढचं तुझ्यासाठी नाही, तुला हे येतं. हे बाबांना सांगायला लिहिते आहे, कारण तू समजावायला लागलीस की पहिल्याच वाक्यात तीन सूत्रं येतात. त्यांना सांग, एकाच वेळी अनेक गोष्टी हव्या असल्या आणि त्या एकमेकींच्या आड येत असल्या, तर मशीनला शोधायला लावायच्या रीतींची तीन-चार घराणी आहेत. पहिलं घराणं वजनवाल्यांचं. कडकपणा किती महत्त्वाचा, सुगंध किती, रंग किती, हे आधीच आकड्यांत सांगायचं, सगळ्याची एक बेरीज करायची आणि सगळ्यात चांगल्या बेरजेचा कप आणायचा. झटपट काम, एक उत्तर, वाद नाही. दुसरं घराणं मर्यादावाल्यांचं. ते बेरीज करत नाहीत. रंग इतक्याच्या खाली जाता कामा नये, कडकपणा इतक्याच्या खाली जाता कामा नये, आणि या कुंपणात राहून सुगंध जितका वाढेल तितका वाढव, असं म्हणतात. मग कुंपण थोडं सरकवून पुन्हा तेच. याला वेळ लागतो आणि कुंपण कुठे घालायचं हे कळायला अक्कल लागते. तिसरं घराणं पिढ्यांचं. ते शंभर कप एकदम मांडतात, जो कप दुसऱ्या एखाद्या कपापुढे सगळ्याच बाबतींत हरतो तो बाद, उरलेल्यांची आपसात मिसळ करून नवे शंभर, असं शेकडो वेळा. शेवटी अख्खी कडच हाती येते, म्हणजे असे सगळे कप की ज्यांत एक गोष्ट वाढवायची तर दुसरी घटवावीच लागते. फार सुरेख रीत, पण हव्या असलेल्या गोष्टी तीनच्या सात-आठ झाल्या की कोणीच कोणापुढे सगळ्या बाबतींत हरत नाही आणि शंभरच्या शंभर कप ताठ उभे राहतात. मग याच घराण्यातले काही जण कड दिशादिशांनी वाटून घेतात, काही जण कडेने किती जागा व्यापली ते मोजतात. आणि एकेक कप करायलाच दिवस लागत असेल, तर मूठभर कप करून बाकीच्यांचा अंदाज बांधणारेही आहेत. शेवटचं घराणं विचारणाऱ्यांचं. ते एक कप देतात, काय कमी वाटलं ते विचारतात, आणि उत्तर ऐकून पुढचा करतात.

यातलं कुठलं घ्यायचं, हे माझे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, आणि मी फळ्यावर तेच ते लिहिते. उद्दिष्टं किती आहेत, एक चाचणी किती महाग आहे, कडेला कुठे खळगे आहेत का. चौथा प्रश्नही लिहिते, पण पटकन पुसते. ज्याचा जीव आहे तो कधी बोलणार? आधी, नंतर, की मधेमधे? वजनवाल्यांच्या घरात त्याने सगळं न बघताच बोलायचं असतं. आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा तो बोलतच नाही. त्याच्या नावाने वजनं दुसराच कोणीतरी देतो.

तर तो मोकळ्या मैदानाचा कागद घेऊन मी शनिवारी आमच्या विभागातल्या मशीनवर बसले. शिकवायला लागल्यापासून आठ वर्षांत मी खऱ्या माणसाचा प्लॅन केला नव्हता. आधी तुमचीच वजनं देऊन पाहिली, तुमचीच दोन टोकं आली. मग वजनं सोडून मर्यादा घातल्या. मानेच्या उजव्या बाजूला डोस डॉक्टरीणबाईंच्या किमान आकड्याखाली जायचा नाही, गाठीला तर नाहीच नाही, आणि किरणांच्या दिशा तुमच्यासारख्याच मोकळ्या सोडून फक्त उजवी लाळग्रंथी वाचव, असं मशीनला सांगितलं. सकाळी नऊला बसले, दुपारी अडीचला मैदानाच्या बरोबर मधे एक ठिपका उमटला. गाठ पूर्ण झाकलेली. मानेची उजवी बाजू किमान आकड्यावर, म्हणजे पहिल्या प्लॅनइतकी भक्कम नाही, पण सही करता येईल इतकी. डावी ग्रंथी गेली, उजवी बरीचशी राहिली. किंमत अशी की तोंडाच्या पुढच्या भागात जास्त डोस पडतो, म्हणजे ते सात आठवडे आणि पुढचा महिना भयंकर फोड, नाकातून नळी, आणि गिळणं पूर्ववत व्हायला वर्ष. पण लाळ राहील. चव अंधूक का होईना, परत यायची शक्यता राहील.

तो ठिपका बघून मला आनंद व्हायला हवा होता. आधी लाज वाटली. कारण तुम्ही काही काढून टाकलं नव्हतं. किरणांच्या दिशा बदलायला मोकळ्या असल्या की कडेला खळगा पडतो, म्हणजे ती मधेच आत दबते, आणि खळग्यातला ठिपका वजनवाल्यांच्या बेरजेत कधीच पहिला येत नाही, वजनं एकेचाळीस वेळा बदला नाहीतर चारशे वेळा. तो तिथे असतो, पण त्या रीतीला दिसत नाही. हे तुला का सुचलं नाही म्हणून मी तावातावाने तुझ्यावर ओरडायला फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. तुझी पहिली वही माझ्या हातची आहे, धाकटे. निळ्या पुठ्ठ्याची. तू या कामात शिरलीस तेव्हा मीच लिहून दिली होती. त्यात पहिल्या पानावर, खाली दोन रेघा मारून, मी लिहिलंय की वजनं बदलत राहा, जे निघत नाही ते नसतंच. तू ते वाक्य जसंच्या तसं मौनीबाबांना ऐकवलं असशील, आणि तो बिचारा माझ्या चुकीवर मान डोलावून भिंतीकडे तोंड करून डबा खायला गेला असेल. त्याची माझ्या वतीने माफी माग. तो काही बोलणार नाही, पण माग.

सातव्या पानाचंही कळलं. मी रविवारी बाबांना फोन करून फिरवून फिरवून विचारत होते, तेव्हा तेच कंटाळून म्हणाले की ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, सातवं पान मीच काढायला लावलं. त्यावर त्यांच्या घटलेल्या वजनाचा तक्ता आहे म्हणे, दोन महिन्यांत नऊ किलो, आणि तो मोठीला दाखवू नकोस अशी त्यांनी तुला शपथ घातली. म्हणजे लपवाछपवी होतीच, पण माझ्या काळजीपोटी. मी हसले. मग त्यांनी अगदी सहज, चहात साखर विचारावी तसं विचारलं, की आईच्या वेळी टेबलावर किती कप होते गं? मी म्हटलं, ऐकू येत नाहीये. आणि फोन बंद केला. ऐकू स्वच्छ येत होतं.

फोनवर मी शब्द फिरवते, म्हणून हे लिहिते आहे. सोबत पेन ड्राइव्ह आहे, त्यात मधला प्लॅन आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू आणि मौनीबाबा मिळून पहिल्यापासून तपासा, आणि तुमच्या मशीनवर टिकला तरच डॉक्टरीणबाईंपुढे ठेवा. मग गुरुवारी बाबांना दवाखान्याच्या खोलीत नाही, घरीच, टेबलापाशी बसव आणि तिन्ही मांड. सही न होणारा दुसराही मांड, थोडा मागे सरकवून. प्रत्येकाची किंमत सांग, नळी, फोड, कोरडं तोंड, गाठ परत येण्याची भीती, सगळं. ते पहिलाच निवडतील कदाचित. निवडू देत. पण त्यांनी बघून निवडावा.

आईच्या वेळी तू परीक्षेच्या अभ्यासात होतीस, तुला फार आठवत नसेल. तिची गाठ नाकाच्या मागे, डोळ्यांच्या नसांना चिकटून होती. तेव्हा नियम कागदावर होता आणि माणसं कमी होती, म्हणून प्लॅन मीच केला. जिवाला शंभर वजन दिलं, डोळ्यांना एक. ते आकडे मी माझ्या मनाने टाकले, तिला विचारलं नाही. एक प्लॅन आला. त्याने उजवा डोळा जाणार होता आणि डाव्याला अक्षरं दिसणार नव्हती. मी ते डॉक्टरांना दाखवलं, तिला सांगितलं, ती हो म्हणाली. गाठ परत आली नाही, ती नऊ वर्षं जगली, आणि तू मला देव मानून माझ्याच मागे या कामात आलीस. त्या नऊ वर्षांत ती खिडकीशी बसून कोऱ्या कागदावर पट्टी ठेवायची आणि ओळीओळीने खाली सरकवत राहायची, हे तूही पाहिलंयस. तुझ्यावर संशय घ्यायला मला पुरावा लागला नाही, कारण चोराच्या मनात चांदणं असतं. एकदा असंच पट्टी सरकवता सरकवता तिने मला विचारलं, की दुसरं काही नव्हतंच ना गं? मी म्हटलं, नव्हतं. होतं, धाकटे. डावा डोळा वाचवणारं, गाठीच्या एका कडेला थोडं कमी पडणारं, शंभरातल्या चार-पाच जणांना जास्त धोका असणारं. मर्यादा घालून, आदल्याच दुपारी, ते मीच काढलं होतं. आणि ती नेमकी तेच निवडेल या भीतीने ते पुसून टाकलं होतं. तुझ्या वहीतलं ते दोन रेघांचं वाक्य मी त्यानंतर लिहिलं.

आता तुला हवं ते म्हण. फक्त गुरुवारी बाबांना तिन्ही दाखव, आणि आईच्या वेळी किती कप होते असं त्यांनी तुला विचारलं, तर दोन होते म्हणून सांग. एक मी उचलून ठेवला होता.

तुझीच,
ताई